चार किलोमीटर पुढची ढाबळ

ओमेरला मातीत ठेवलं त्या दिवशी लिंडेबेक गावातल्या निम्म्या पुरुषांनी त्याच्या बायकोचं, एल्व्हीरचं, सांत्वन केलं आणि उरलेल्या निम्म्यांनी कबुतरांचं काय करणार ते विचारलं. कामिएलने दोन्ही कामं एका दमात उरकली. दफनभूमीच्या फाटकापाशी टोपी छातीशी धरून तो म्हणाला, "सोन्यासारखा माणूस गेला गं, एल्व्हीर. आणि ती निळी मादी कुणाला द्यायचं ठरलंय?"

एल्व्हीरने काळ्या जाळीआडून त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच विरघळला असता. पण कामिएल खाटीक. रोज डुकरांच्या डोळ्यांत बघून सुरी चालवणारा माणूस. तो बाईच्या नजरेला कसला भितोय!

तसं बघायला गेलं तर त्याचंही फार चुकलं नव्हतं. आमच्याकडे कबूतरवाला गेला की दोन-तीन महिन्यांत त्याच्या ढाबळीचा लिलाव होतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. कॅफेत पिंजरे मांडतात, बियर वाहते, आणि मेलेल्याच्या कबुतरांना चांगला भाव आला की लोक म्हणतात, वा, काय मानाने गेला! ओमेरच्या लिलावाची तर सगळे दातांना धार लावून वाट बघत होते. पण पानगळ आली, बर्फ पडला, वितळलाही, आणि लिलावाचं नाव नाही. रोज पहाटे दूधवाल्याला दिसायचं ते एवढंच: ढाबळीच्या शिडीवर ओमेरचा करडा कामाचा कोट चढतोय. गुडघ्याच्या खाली लोंबणारा, कोपरांना ठिगळं लावलेला. आत एल्व्हीर. खिशात शेंगदाणे, हातात घाण काढायची खरवडणी.

पहिले काही दिवस ती काळ्या झग्यातच वर गेली होती. कबुतरांनी भिंतींवर डोकी आपटून घेतली. ओमेरचा कोट अंगावर चढवला आणि तोंडाने त्याच्यासारखंच "ये गं, ये गं, ये" केलं, तेव्हा कुठे ती शांत झाली. निळी तर सरळ येऊन तिच्या मनगटावर बसली. एल्व्हीर त्या कोटात तोंड खुपसून तेव्हा मनसोक्त रडली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. त्याच दिवशी तिने ठरवलं, पाखरं कुणाला द्यायची नाहीत.

नुसती पाळायची असती तर कुणाचं पोट दुखलं नसतं. पण जूनमध्ये ती बेर्थाच्या कॅफेत गेली आणि कबूतर मंडळाचे चिटणीस व्हालेर मास्तर बसले होते त्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "बार्सिलोनासाठी एक कबूतर."

कॅफेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बेर्थाच्या हातातल्या पेल्यावरून फेस ओसंडून गेला.

आता बार्सिलोना म्हणजे काय, ते आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. कबुतरांना ट्रकमधून तिकडे नेतात, एका सकाळी सगळी पाखरं एकदम सोडतात आणि जे ते आपापल्या घराकडे निघतं. मध्ये डोंगर, मग अख्खा फ्रान्स. हजार किलोमीटरच्या वर. कुणी दुसऱ्या दिवशी पोचतं, कुणी आठवड्याने पाय ओढत येतं, आणि पुष्कळ येतच नाहीत. ज्याने त्याने आयुष्यभर जवळच्या शर्यती खेळाव्यात, पण बार्सिलोनाला नाव देताना मोठमोठ्यांचे हात थरथरतात.

"बाईमाणूस आणि बार्सिलोना," कामिएल म्हणाला. "आणि कबूतरही मादीच ना? निळी?"

"निळीच."

"बघा मास्तर! आम्ही विधुर उडवतो, ही विधवा उडवणार."

कॅफे फुटला. कारण गावातले सगळे पुरुष नर उडवायचे, तेही विधुर करून: आठवडाभर मादीपासून तोडायचं, निघायच्या आधी क्षणभर दाखवायची, म्हणजे गडी बायकोच्या ओढीने जीव तोडून परत येतो. हे शास्त्र त्यांना पाठ होतं. एल्व्हीरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुझे विधुर बायकोसाठी येतात," ती म्हणाली. "माझी निळी लेकरासाठी येईल. कोण जास्त जोरात धावतं ते तुझ्या बायकोला विचार."

आता हसण्याची पाळी बेर्थाची होती, आणि ती हसली की कपाटातले पेले वाजतात. कामिएलचा चेहरा त्याच्या दुकानातल्या मांसासारखा लाल झाला.

"असं? मग होऊन जाऊ दे. तुझं पाखरू माझ्या मागे पडलं, तर ओमेरची ढाबळ माझी. भाव मास्तर ठरवतील, पण लिलाव नाही, घासाघीस नाही. सगळी पाखरं माझ्याकडे."

"आणि पुढे आलं तर?"

"तर... तर वर्षभर दर रविवारी येऊन तुझी ढाबळ खरवडीन! या हातांनी!"

"मास्तर, ऐकलंत ना?" एल्व्हीर म्हणाली. "साक्षीला राहा."

घोडामैदान फार लांब नव्हतं. पण घरी परतताना कालव्याच्या पुलावर ती कठड्याला टेकून थांबली. पाखरं गेली तर सकाळी उठायचं कशाला? रागाच्या भरात आपण काय पणाला लावून बसलो हे तिला तिथे कळलं. मागे फिरून शब्द परत घ्यावा, असंही एकदा मनात आलं. पण ते ओमेरला आवडलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही.

कालव्याचं सांगायला हवं. कामिएलचं घर गावाच्या दक्षिण टोकाला, चर्चच्याही अलीकडे. एल्व्हीरचं उत्तरेला, कालवा ओलांडून, शेतांच्या पलीकडे. म्हणजे बार्सिलोनाहून येणाऱ्या पाखराला कामिएलच्या घरावरून जाऊन आणखी चार किलोमीटरांहून थोडं जास्तच उडावं लागतं. म्हणून नुसतं आधी कोण पोचलं याला अर्थ नसतो. प्रत्येक ढाबळीचं अंतर मोजलेलं असतं, त्याला उड्डाणाच्या वेळाने भागायचं, आणि मिनिटाला ज्याचे मीटर जास्त तो पुढे. त्या जास्तीच्या अंतरापायी एल्व्हीरला साधारण पाच मिनिटांची सवलत होती. कागदावर. ओमेर म्हणायचा, दमलेल्या पाखराला शेवटचे चार किलोमीटर पहिल्या चारशेंसारखे असतात, आणि ते कागदाला कळत नाही.

निळीच्या घरट्यात चार दिवसांचं पिल्लू होतं तेव्हा एल्व्हीरने तिला उचललं. पिवळ्या लवेचं, डोळे नुकते उघडलेलं, सगळं अंग म्हणजे नुसती चोच. निळीने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. "चाव," एल्व्हीर म्हणाली. "असाच राग धर." पिल्लाला भरवायला बाप होता. कॅफेत मास्तरांनी निळीच्या पायात नंबराची रबरी कडी चढवली, ज्याने त्याने घरी न्यायच्या, वेळ छापणाऱ्या घड्याळांना सील ठोकलं, आणि ट्रक गेला.

शुक्रवारी सकाळी रेडिओवर सांगितलं: बार्सिलोना सुटलं. हवा स्वच्छ, वारा समोरून.

शनिवारी सकाळी एल्व्हीरची धाकटी बहीण पावला गेंटहून आली. हातात तांदळाची गोड टार्ट, काखेत पुडकं. पावलाला कबुतरांतलं ओ की ठो कळत नाही, पण बहिणीवर तिचा भारी जीव. दारातूनच ती ओरडली, "रीतीचं एक वर्ष आणि सहा आठवडे झाले! संपलं, एल्व्हीर. सुतक संपलं. आजपासून काळं बंद."

पुडक्यात झगा होता. पिवळा, त्यावर हाताच्या पंज्याएवढी तांबडी फुलं.

"अगं, मी काय सर्कशीत जाणार आहे?"

"आज गाव बघायला येईल. जिंकलीस तर काय त्या घाणेरड्या कोटात उभी राहणार? विष्ठा वाळलीये त्याच्यावर. येताना मागच्या दाराशी दिसला, मी तो भिजत घातलाय."

"काय घातलायस?"

"भिजत. मागच्या टबात. साबण घालून."

एल्व्हीर काही बोलणार होती, पण बहीण झगा घेऊन समोर उभी, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. काल रात्री धड झोपही नव्हती. तिने झगा घातला. आरशात बघितलं आणि, कशाला खोटं बोला, तिला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा आरशात कुणाची तरी बायको नाही, कुणाची तरी विधवा नाही, एक ठसठशीत बाई दिसली.

मग त्या दोघी अंगणात खुर्च्या टाकून दक्षिणेकडे बघत बसल्या. आभाळ धुतल्यासारखं कोरं होतं. पावला बडबडत होती, एल्व्हीर हो-हो करत होती. दहा वाजले. साडेदहा. प्रत्येक कावळा तिला निळी वाटत होता. वर ढाबळीत पिल्लू चिरकत होतं, बाप त्याला भरवून भरवून वैतागला होता.

अकरा वाजून गेले तोच घरातला फोन खणखणला. पावला धावली आणि पांढरी पडून परत आली.

"कामिएल आहे. म्हणतो, त्याचा विधुर अकरा वाजून तीन मिनिटांनी घड्याळात. म्हणतो, पिंजरे धुवून ठेव."

एल्व्हीरने चर्चच्या मनोऱ्याकडे पाहिलं. शेतांच्या पलीकडे काटे स्पष्ट दिसत होते. आठच्या आत. अकरा-आठच्या आत निळीची कडी घड्याळात पडली तर आशा. तिने तेवढं मनाशी म्हटलं आणि वर बघितलं, तर पॉप्लर झाडांच्या शेंड्यांवरून एक काळा ठिपका येत होता. पंख हलत होते का पडत होते कळत नव्हतं. ठिपक्याला पंख फुटले, पंखांना रंग फुटला.

"निळी!" ती किंचाळली. "पावला, निळी!"

निळी ढाबळीवर आली. पाय पुढे केले. आणि खाली ढाबळीच्या दारातल्या फळीवर न उतरता वर कौलांच्या आढ्यावर जाऊन बसली.

आता हे दुःख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. पाखरू हजार किलोमीटर उडून दारात आलंय, तुम्हाला त्याच्या छातीची धाप दिसतेय, आणि घड्याळात त्याचा पत्ता नाही. पायातली कडी काढून घड्याळात टाकून खटका दाबेपर्यंत ते पाखरू आलेलंच नसतं. कौलावरचं कबूतर आणि बार्सिलोनातलं कबूतर, घड्याळाला दोन्ही सारखीच.

"ये गं, ये गं, ये," एल्व्हीर म्हणाली. डब्यातले शेंगदाणे खुळखुळवले. निळीने मान वाकडी करून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"घाबरलीये का ती?" पावला कुजबुजली. "कुणाला घाबरलीये?"

एल्व्हीरने स्वतःकडे खाली पाहिलं. पिवळं, तांबडं, पिवळं, तांबडं. आणि तिच्या पाचावर धारण बसली. जत्रेतल्या तंबूसारखी ती अंगणाच्या मधोमध उभी होती. निळीने जन्मात ही बाई पाहिली नव्हती!

"मूर्ख!" ती ओरडली. बहिणीला नव्हे, स्वतःलाच. ओमेरबरोबर बत्तीस वर्षं काढली होती तिने. रविवारी पाखरं यायच्या वेळी दोरीवरचे कपडे काढायचे, शेजारच्यांना छत्री उघडू द्यायची नाही, पाहुण्यांना घरात कोंडायचं, हे सगळं तिनेच केलं होतं. आणि आज, सगळ्या दिवसांत आजच, आरशात बघून भुलली.

ती मागच्या टबाकडे पळाली. साबणाच्या फेसात हात घालून तिने कोट ओढून काढला. ओला कोट मेंढराएवढा जड. पिळायला वेळ कुठला! तसाच झग्यावर चढवला. गार पाणी पाठीवरून पायांपर्यंत गेलं, बुटांत शिरलं. गुंड्या लावता येईनात. ती वाकली, ओमेर वाकायचा तशी, आणि हळूहळू पावलं टाकत अंगणात आली. धावायचं नाही. धावलं की संपलं. मनोऱ्यावरच्या काट्याकडे बघायचंही नाही.

"ये गं," ती म्हणाली. "ये गं, ये. लेकरू ओरडतंय बघ तुझं."

खरंच ओरडत होतं. निळीने एक डोळा कोटाकडे केला, एक ढाबळीकडे. कोटातून फेसाचे थेंब टपटपत होते. मग तिने पंख मिटले आणि दगडासारखी फळीवर पडली, आत शिरली.

एल्व्हीर शिडी कशी चढली हे तिला आजही सांगता येत नाही. निळी पिल्लापाशी पोचायच्या आत तिने तिला धरलं. ओल्या बोटांतून रबरी कडी निसटली, विष्ठेत पडली, सापडली. घड्याळात टाकली. खटका दाबला. खाट्.

मग ती तिथेच खाली बसली, पिसांत आणि घाणीत, आणि निळीला पिल्लावर सोडलं.

"किती वाजले होते?" तिने खिडकीतून विचारलं. "पावला, मी खटका दाबला तेव्हा किती वाजले होते?"

"नाही बघितलं गं," पावला हुंदके देत म्हणाली. "मी डोळे मिटून घेतले होते."

कॅफेत पोचल्या तेव्हा आतून गाणी ऐकू येत होती. कामिएलने अख्ख्या गावाला बियर पाजायला घेतली होती. जिंकणाऱ्याने पाजायची ही रीतच आहे, फक्त आधी निकाल लागायचा असतो. एल्व्हीर दारात उभी राहिली, करड्या कोटातून पाणी गळतंय, खालून पिवळ्या झग्याची झालर डोकावतेय, काखेत घड्याळ. गाणं अर्ध्यात थांबलं.

"अरे देवा," कामिएल म्हणाला. "तू काय पोहत आलीस?"

"तू पी. फेस बसतोय तुझा."

मास्तरांनी चष्मा लावला. सगळ्यांसमोर कामिएलच्या घड्याळाचं सील तोडलं, कागदाची पट्टी काढली, वाचली. अकरा-तीन, बरोबर. अंतर, वेळ, भागाकार. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने कामिएलचे मीटर लिहिले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी एल्व्हीरचं घड्याळ पुढे ओढलं. घड्याळही ओलं होतं. मास्तरांनी ते रुमालाने पुसलं, आणि एवढं हळू पुसलं की एल्व्हीरला वाटलं, आता या म्हाताऱ्याला आपण फटका मारणार.

सील तुटलं. मास्तरांनी पट्टी उजेडाकडे धरली.

"अकरा वाजून सात मिनिटं," ते म्हणाले. "चाळीस सेकंद."

कामिएलने पेला खाली ठेवला. त्यालाही मोजता येत होतं. मास्तर पेन्सिलीने कागदावर आकडे मांडत होते आणि चाळीस माणसं श्वास धरून त्या पेन्सिलीकडे बघत होती. एकदा भागलं. खोडलं. पुन्हा भागलं.

"हिचे मीटर मिनिटाला जास्त आहेत," मास्तर म्हणाले. "पाव मीटरने."

"किती?" कामिएल ओरडला.

"एक वीत, कामिएल. मिनिटाला एक वीत. तुझं पाखरू मागे पडलंय."

बेर्था हसली. कपाटातले पेले वाजले, टेबलावरचे वाजले, आणि मग सगळा कॅफे उठून उभा राहिला. कुणी एल्व्हीरचे खांदे हलवले, कुणी तिला उचललं, आणि ज्याने ज्याने तिला मिठी मारली तो तो ओला झाला. पावला तर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडत होती. एल्व्हीर रडली नाही. ती मोठमोठ्याने हसत होती, तोंड उघडं टाकून, लाज न बाळगता, आणि हसता हसताच तिची नजर फळ्यावर गेली.

मास्तर पहिल्या ओळीवर नाव लिहीत होते. वर्षभर मंडळाच्या प्रत्येक कागदावर जसं लिहिलं होतं तसंच, वळणदार अक्षरात: ओमेर डी सुटर यांची विधवा.

"मास्तर, पुसा ते."

"अं? चुकलं काही?"

"ओमेर बार्सिलोना सहादा जिंकला, तेव्हा तुम्ही एल्व्हीरचा नवरा असं लिहिलंत का?"

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग बाहीने ओळ पुसली आणि खडू तिच्या हातात दिला. खडू ओल्या हातात भिजला, अक्षरं जाडजूड आणि वाकडी आली, पण लांबून दिसतील एवढी मोठी आली. एल्व्हीर. बस्स, पुढे मागे काही नाही. गावात दुसरी एल्व्हीर नव्हतीच.

कामिएल मागे येऊन उभा राहिला होता. त्याने टोपी काढली, छातीशी धरली. दफनाच्या दिवशी धरली होती तशीच.

"उद्या रविवार," तो म्हणाला.

"सहाला ये. खरवडणी दारामागे लटकवलेली असते."

"पण तुझी पाखरं मला ओळखत नाहीत, एल्व्हीर. डोकी आपटून घेतील." त्याने तिच्या अंगावरच्या ठिबकणाऱ्या कोटाकडे पाहिलं. "तेवढ्यापुरता ओमेरचा कोट देशील का?"

"ओमेरचा कोट कुठला?" एल्व्हीर म्हणाली आणि सकाळपासून उघड्या राहिलेल्या गुंड्या तिने एकेक करून लावल्या. "हा माझा आहे. तू तुझा घेऊन ये."